चघळतोय की बोलतोय

“चघळतोय तो. लाडू आहे ना तोंडात,” सासूबाई म्हणाल्या.

“नाही आई, बोलतोय. ओठ बघा कसे मिटले आत्ता. चघळताना असे पुढे येतात का?”

“बुंदीच्या लाडवानं येतात.”

मी चित्र चार सेकंद मागे नेलं. पुन्हा तोच मांडव, पुन्हा तीच मुंडावळ्यांत अर्धी झाकलेली शालूआत्या, आणि तिच्या गुडघ्याशी, हातात लाडू धरून उभा असलेला माझा नवरा. वय वर्षं अडीच. डोक्यावर जरीची टोपी, गालावर काजळाचा ठिपका. तोंड हलतंय. नुसतं हलतंय, कारण त्या व्हिडिओला आवाजच नव्हता.

“तुम्हीच सांगा आता,” मी मोठ्या झालेल्या नवऱ्याकडे वळले. “बोलत होतात की चघळत होतात?”

चेतन रेल्वेत असिस्टंट लोको पायलट. रात्रभर मालगाडी हाकून नुकताच घरी आला होता, अजून बूटही काढले नव्हते. त्यानं वाकून पडद्यावर स्वतःकडे पाहिलं.

“मला काय आठवणार? पण पुढच्या सीनमध्ये हातात लाडू नाहीये. म्हणजे मधल्या वेळात काहीतरी चघळलं असणारच.”

सासूबाई केस जिंकल्यासारख्या हसल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. चेतन अंघोळीला गेला. मुकं लग्न बघायचा मलाही कंटाळा आला. नवरी रडतेय, भटजी ओरडतायत, बँडवाला गाल फुगवतोय आणि सगळं चिडीचूप. जुई मात्र हलली नाही. माझी मुलगी, दोन वर्षं तीन महिन्यांची. पडद्याला नाक लावून बसली होती. मधूनच स्वतःचे ओठ मिटायची, पुढे काढायची, पुन्हा मिटायची.

मी वही काढली आणि लिहिलं: “आवाज नसतानाही व्हिडिओ सतरा मिनिटं सलग बघितला. एकाग्रता उत्तम.”

ही वही म्हणजे माझी खोड. बी.एस्सी.ला केमिस्ट्री होतं, तेव्हापासून काहीही झालं की निरीक्षण आणि निष्कर्ष असे दोन रकाने आखायची सवय. जुई झाल्यावर तिच्यासाठी वेगळी वही केली. किती दूध, किती वेळा शी, कुठल्या तारखेला पालथी पडली. वर्षानंतर “शब्द” असं नवं पान काढलं. ते पान कोरंच होतं. “बा” आणि “म्म्” असे दोन आवाज लिहिले होते आणि त्यापुढे मीच प्रश्नचिन्ह काढलं होतं.

ही गोष्ट २०१४च्या एप्रिलमधली, आम्ही भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हाची. जुई बोलत नव्हती. शेजारची तिच्यापेक्षा चार महिन्यांनी लहान पोर “काकू, चप्पल कुथंय?” असं विचारत घरात शिरायची आणि मी वहीतलं ते कोरं पान उघडून बघायची. दीड वर्षाच्या लशीच्या वेळी डॉक्टरांनी एक चिठ्ठी दिली होती: जळगावला जाऊन कानांची तपासणी करून घ्या. ती चिठ्ठी नऊ महिने वहीच्या शेवटच्या पानात घडी घालून पडली होती. कारण दोन.

पहिलं कारण सासूबाईंचं. “चेतनसुद्धा चौथ्या वर्षी बोलला. तोवर नुसता मुका बाहुला. बापावर गेलीय पोरगी.” हे त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे सांगितलं होतं, की आता चेतनही कुणी विचारलं तर “मी चौथ्या वर्षी बोललो” असं आपलं आठवत असल्यासारखं सांगायचा.

दुसरं कारण रेल्वेचं. क्वार्टरच्या मागे पन्नास पावलांवर रूळ. मालगाडी यायची असली की आम्हाला काही कळायच्या आधी जुई हातातलं टाकून खिडकीकडे धावायची. मग कुठं हॉर्न ऐकू यायचा. “हिचे कान तपासायचे?” सासूबाई म्हणायच्या. “अगं, स्टेशन मास्तरनं हिला नोकरीवर ठेवावं.”

दोन्ही कारणं भक्कम. तरी मला झोप येत नव्हती. आणि मग सुरतेहून शालूआत्या बिबडे करायला आल्या. शालूआत्या म्हणजे चेतनच्या आत्या, सासूबाईंची नणंद. दर उन्हाळ्यात दोघी मिळून वर्षाचे बिबडे घालायच्या, ज्वारीच्या शिजवलेल्या चिकाचे मोठेमोठे पापड. मी त्यांना एकटीला गाठून विचारलं, “आत्या, तुमच्या लग्नात हे किती मोठे होते? बोलत होते का?”

“अडीच वर्षांचा होता. पण बोलत होता का ते नाही आठवत बाई. मी सकाळपासून जी रडत होते, मला नवरासुद्धा दुसऱ्या दिवशी नीट दिसला. सीडी आहे की! कॅसेटवरून करून घेतलीय. बॅगेतच आहे, वहिनींना दाखवायला आणलेली.”

सासूबाईंना सीडीचं फारसं कौतुक नव्हतं. “जुनी झाली असेल ती. कशाला लावता?” असं दोनदा म्हणाल्या. मला वाटलं, नणंदेच्या लग्नात मानपानाचं काही झालं असेल.

सीडी प्लेअर कधीच बंद पडला होता. लॅपटॉपमध्ये घातली तर आत एकच लठ्ठ फाइल, आणि तिच्या नावापुढे डी, ए, टी अशी तीन अक्षरं. त्यावर क्लिक केलं की लॅपटॉप मलाच विचारायचा, ही कशानं उघडू? मला माहीत असतं तर तुला कशाला सांगितलं असतं! मग नेटवर शोधलं. कळलं, की ही फाइल नव्या पद्धतीच्या फाइलमध्ये बदलून घ्यावी, त्यासाठी सॉफ्टवेअर मिळतात आणि ती चक्क फुकट असतात. (नुसता चांगला प्लेअर टाकला असता तरी भागलं असतं, असं मला कुणीतरी सहा वर्षांनी सांगितलं. धन्यवाद.)

फुकट म्हटल्यावर मी जास्तच सावध झाले. वहीत नवं पान, पाच रकाने: नाव, काय कबूल केलं, काय दिलं, सोबत काय आणलं, निष्कर्ष.

पहिल्याच्या पानावर सहा हिरवी “डाउनलोड”ची बटणं होती. त्यातलं खरं एकच, आणि ते सगळ्यांत लहान. मी ते बरोबर ओळखलं याचा आनंद होईपर्यंत लॅपटॉपवर कुठल्याशा न मागितलेल्या सफाई-सॉफ्टवेअरचा झाडू प्रकट झाला. म्हणाला, तुमच्या संगणकात चारशे बारा दोष आहेत. माझ्या माहेरच्या एका मावशीनंतर इतके दोष कुणी काढले नव्हते. शिवाय त्या सॉफ्टवेअरनं फक्त पहिली तीन मिनिटं बदलून दिली. तीन मिनिटांत गणपतीचं चित्र आणि नारळ एवढंच झालं.

दुसऱ्यानं सगळं लग्न बदललं, पण चित्राच्या मधोमध स्वतःचं नाव छापलं, आडवं, जाड अक्षरात. चेतनच्या तोंडावर बरोबर त्याचं शेवटचं अक्षर यायचं. मी मान वाकडी करून त्या अक्षराच्या मागे बघायचा प्रयत्नसुद्धा केला.

“मला बघायला आले तेव्हा तुझ्या वडिलांनी एवढी चौकशी नव्हती केली,” चेतन म्हणाला.

“केली होती. तुम्हाला सांगितली नव्हती.”

तिसरं बरं वाटलं. झाडू नाही, नाव नाही, लग्न पूर्ण. मी निष्कर्षाच्या रकान्यात “उत्तम” लिहिलं, सगळ्यांना बोलावून बसवलं आणि मग कळलं की आवाज नाही. तो लाडवाचा वाद झाला तो याच वेळी.

“कॅसेटची सीडी करतानाच गेला असेल आवाज,” सासूबाई आतून म्हणाल्या. “जाऊ दे आता. बघितलं ना लग्न?”

मी “उत्तम” खोडलं. पण जाऊ देणं मला कधी जमलेलं नाही. पुढचे दोन दिवस मी जुई झोपली की लॅपटॉप घेऊन बसायची. आवाज फाइलमध्येच नाही की सॉफ्टवेअरनं गाळलाय, हे आधी ठरवायला हवं होतं. एका ठिकाणी कुणीतरी लिहिलं होतं, की काही फुकट सॉफ्टवेअरना जुन्या सीडीतला आवाज ओळखताच येत नाही. ती तो सोडून देतात आणि सांगतही नाहीत. मला त्या सॉफ्टवेअरचा मनापासून राग आला. येत नसेल तर नाही म्हण. काहीच न सांगता अर्धंच देऊन “काम पूर्ण झाले” कसं म्हणतोस?

त्याच माणसानं चौथं सुचवलं होतं. जगभरातल्या काही लोकांनी मिळून बिनपगारी बनवलेलं, ज्याची आतली रचना कुणालाही उघडून पाहता येते असं. दिसायला अगदीच भकास. राखाडी खिडकी, वीसेक रिकाम्या चौकटी, जाहिरात नाही, अभिनंदन नाही. शाळेतल्या लॅब असिस्टंटसारखं: हवंय काय ते नीट सांगा. एका चौकटीत आवाजाचा प्रकार निवडायचा होता. मी निवडला. बुधवारी सकाळी फाइल कामाला लावली आणि बिबड्यांच्या मदतीला अंगणात गेले.

अंगणात जत्रा होती. शालूआत्या पातेल्यातला गरम चीक ओल्या फडक्यावर थापत होत्या, सासूबाई ते फडकं उचलून खाटेवरच्या धोतरावर अलगद उलटं करत होत्या. चेतनला सुट्टी होती. तो पाणी आणून देण्यापुरता कामाला आणि चीक खाण्यापुरता पुढे होता. जुईला कावळे हाकलायचं काम दिलेलं. कडुलिंबाच्या सावलीत दुसऱ्या खाटेवर ती पाय वर घेऊन बसली होती, आमच्याकडे आणि घराकडे पाठ, हातात काठी, आणि समोरच्या कुंपणावर सात-आठ कावळे एका ओळीत, आपली पाळी येण्याची वाट बघत.

“वहिनी, हा जाड झाला.”

“तुझ्या नवऱ्याला वाढ. त्याला कुठं कळतं?”

“त्याला मिशीआडूनसुद्धा जाड-पातळ सगळं कळतं,” आत्या म्हणाल्या. “तुम्ही त्याच्या मिशीवर जाऊ नका.”

मी आत जाऊन पाहिलं. फाइल तयार होती. लॅपटॉप खिडकीत आणून ठेवला, तोंड अंगणाकडे. चेतनचे जुने दोन स्पीकर जोडले. मागच्या वेळी आवाज येतो का बघायला मी सगळं फुल करून ठेवलं होतं, लॅपटॉपचंही आणि स्पीकरचंही. ते तसंच राहिलं होतं. मी लाडवाच्या जागेवर बोट ठेवलं आणि सुरू केलं.

बँड.

बँड म्हणजे खिडकीतून बँडवालेच उडी मारून बाहेर आले. आत्यांच्या हातातला चीक धप्पकन पातेल्यात पडून त्यांच्याच चष्म्यावर उडाला. सासूबाई “माय व!” म्हणून फडक्यासकट मागे झाल्या. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. कुंपणावरचे सगळे कावळे एकदम, एकही मागे न राहता, उडाले.

जुईनं ते उडालेले कावळे पाहिले. तिला फार आनंद झाला. तिनं काठी टाकून टाळ्या वाजवल्या आणि मान वर करून ते जाईपर्यंत आभाळात बघत राहिली. आपण काहीच केलं नाही आणि कावळे कसे उडाले, असा चेहरा.

तिनं मागे वळून पाहिलं नाही.

“कमी कर, कमी कर!” चेतन ओरडत होता. मी बटणाकडे हात नेला. तेवढ्यात बँड थांबला आणि एका लहान मुलाचा आवाज आला. खणखणीत. टाचणी टोचल्यासारखा स्पष्ट.

“आत्या, तू नको जाऊ. ते काका मिशीवाले आहेत. आपण घरी जाऊ. मी तुला माझा लाडू देतो. हा फुटलाय, पण गोड आहे.”

कुणीतरी हसलं, आणि पुन्हा बँड सुरू झाला. मी आवाज बंद केला.

शालूआत्यांनी चष्मा काढला. चीक पुसायला काढला की आणखी कशाला, ते कळलं नाही. “अगं बाई,” त्या म्हणाल्या. “हा बोलला होता हे! आणि मी त्याच्या हातचा लाडू खाल्ला होता. कशी विसरले मी?” आणि एकाच वेळी हसायला आणि रडायला लागल्या. “चेत्या, तेव्हाच ऐकायला हवं होतं रे तुझं!”

चेतनही हसत होता. “म्हणजे बोलत होतो की! आई, तू तर—”

तो थांबला, कारण त्याच्या आईचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. आणि मी जुईच्या पाठीकडे.

मी अंगणात गेले. जुईच्या मागे दोन हातांवर उभी राहिले. “जुई,” म्हटलं. नेहमीच्या आवाजात. मग जरा मोठ्यानं. मग खूप मोठ्यानं, इतक्या की कुत्रा पुन्हा भुंकला. ती खाटेची सुंभं ओढत होती. मी पातेल्यावर झाकण आपटलं. काही नाही.

“खेळात आहे ती,” चेतन म्हणाला, पण त्याचं हसू गेलं होतं.

जुई खाटेवरून उतरली. अनवाणी दोन पावलं चालली, काठी उचलायला वाकली आणि वाकलेलीच थांबली. मग काठी सोडून रुळांच्या बाजूच्या कुंपणाकडे धावली. एवढंच पुरेसं होतं. सासूबाईंचा चेहरा उजळला. “बघ! गाडी आली. ऐकू येतं तिला! आपल्याला तरी आलं का?”

मला नव्हतं आलं. मी चपला काढल्या. शहाबादी फरशीवर पाय टेकवून उभी राहिले. पहिल्यांदा काहीच नाही, मग तळव्यांना बारीक गुदगुल्या झाल्यासारखं, मुंग्या आल्यासारखं. मी चेतनकडे पाहिलं. त्यानंही चपला काढल्या. आयुष्य इंजिनात गेलेला माणूस. त्याला मला काही सांगावं लागलं नाही. आम्ही दोघं तसेच अनवाणी उभे होतो, आणि मग लांबून हॉर्न आला.

जुई गाडीकडे बघून हात हलवत होती. पासष्ट डबे गेले. माझ्या डोक्यात मात्र ते मुकं लग्न चालू होतं आणि त्याच्यासमोर सतरा मिनिटं नाक लावून बसलेली ती. “एकाग्रता उत्तम.” आम्हा सगळ्यांना त्यात काहीतरी कमी वाटलं होतं. तिला एकटीला वाटलं नव्हतं.

गाडी गेल्यावर सासूबाई खाली पायरीवर बसल्या. हाताला चीक तसाच.

“चेतन आठ महिन्यांचा होता, तेव्हापासून बोलायचा,” त्या म्हणाल्या. “दीड वर्षाचा असताना पूर्ण वाक्य.”

मग हाताचा चीक पदराला पुसत त्या माझ्याकडे वळल्या.

“तू जेवत नव्हतीस, हर्षदा. रात्ररात्र उठून त्या पोरीच्या तोंडाकडे बघत बसायचीस. मला वाटलं, सांगावं काहीतरी, निदान झोपेल तरी. आज ना उद्या पोरगी बोलणारच होती, मग कोण विचारतं? गाडी ऐकते ती. मला खरंच वाटलं, गाडी ऐकते.”

मला रागवायचं होतं. नऊ महिने मोजून रागवायचं होतं. पण वही माझी होती, चिठ्ठी त्यात मी घडी घालून ठेवली होती, आणि खरं सांगायचं तर त्या वाक्यानं मला झोप लागली होती. अनेक रात्री. मला ते ऐकायला आवडायचं. म्हणून मी ते त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यायची.

“चिठ्ठी कुठंय?” सासूबाईंनीच विचारलं.

“वहीत.”

“मग उठ. जळगावला दर तासाला गाडी आहे.”

“आज? अहो वहिनी, एवढा चीक शिजवलाय,” शालूआत्या म्हणाल्या. मग पदर खोचत म्हणाल्या, “जा तुम्ही. मी घालते एकटी. नाहीतर कावळे खातील. खाऊ दे मेल्यांना.”

त्या दिवशी आम्ही चौघं गेलो. सासूबाईंनी जुईला वाटभर मांडीवरून खाली ठेवलं नाही, साडीला चिकाचे डाग तसेच. जळगावच्या कान तपासणाऱ्या बाईंनी जुईला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन लावले, समोर बाहुली ठेवली, आणि अर्ध्या तासानं बाहेर येऊन आम्हाला एक आलेख दाखवला. रेघ फार खाली होती, पण कागदाच्या बाहेर गेलेली नव्हती. “थोडं ऐकू येतंय,” त्या म्हणाल्या. “यंत्रांनी बरंच येईल. अजून वेळ गेलेली नाही. तुम्हाला शंका कशी आली?”

“आम्ही एक फाइल बदलत होतो,” मी म्हटलं.

त्याला आता अकरा वर्षं झाली. जुई आठवीत आहे. दोन्ही कानांत जांभळी यंत्रं. रंग तिनंच निवडला. आवाज जरा नाकातला, पण थांबत नाही. शाळेतून आली की चप्पल काढायच्या आधी सुरू होते, आणि सासूबाई “अगं पाणी तरी पी” म्हणत तिच्या मागे फिरतात.

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत तो जुना लॅपटॉप सापडला. जुईनं तो चार्ज केला, आणि त्यात तिला एकाच लग्नाच्या चार फाइली मिळाल्या. कितीतरी वेळ सोफ्यावर बसून बघत होती.

“मम्मी, ही तिसरी सगळ्यांत भारी आहे.”

“तिला आवाज नाहीये गं. चौथी लाव.”

“चौथीत बँड केवढा वाजतो! आजी काय म्हणते ते कळतच नाही.”

“आजी कुठाय त्यात?”

“ही काय, मागे. पप्पांचा हात ओढतेय.”

मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच. हिरव्या शालूतल्या सासूबाई, छत्तीस किलोच्या असतील, लाडूवाल्या चेतनला मागे खेचत होत्या आणि काहीतरी बोलत होत्या. एवढे दिवस आम्ही सगळ्यांनी त्या एका पोराच्याच तोंडाकडे पाहिलं होतं.

जुईनं चित्र मागे नेलं. पुढे आणलं. डोळे बारीक केले. माणसांचे ओठ वाचणं तिनं कुणाकडून शिकलेलं नाही. ते तिला आधीपासून येत होतं, यंत्रांच्याही आधीपासून.

“पुरे... रे... बाबा,” ती वाचायला लागली. “किती... बोलतोस. जरा तरी... श्शी, भटजींचा हात आला मध्ये.”

“जरा तरी गप्प बस,” सासूबाई म्हणाल्या. त्या खाली बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नव्हती. “दिवसातून पन्नास वेळा म्हणायची मी त्याला.”

“मलाही तेच म्हणतेस.”

“तुला?” त्यांनी मेथीची एक काडी तिच्यावर उगारली. “तुला ते म्हणायला मिळावं म्हणून मी किती दिवस थांबले होते, माहीत आहे का गं तुला?”